बांगड्याचे डोहाळे

आमच्या घरात मासा शिजत नाही. शिजत नव्हता, असं आता म्हणायला हवं. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, मुक्ताईची वारी त्यांनी कधी चुकवलेली नाही आणि एकादशी तर तापातसुद्धा मोडलेली नाही. माझं माहेर धुळ्याचं. तिथं वडील कधीमधी मटण आणत, ते मागच्या अंगणात चुलीवर शिजे. मासळीशी आमची ओळख बाजारातल्या सुकट-बोंबलापुरती. त्या बाईच्या बाजूनं जायचं झालं की आम्ही बहिणी नाकाला ओढणी लावायचो. त्यामुळे लग्न होऊन जळगावात आले तेव्हा इथला नियम मला मुळीच जड गेला नाही.

धाकटी जाऊ मात्र मालवणची. भाऊजी नि ती पुण्याला एका ऑफिसात होते, तिथंच जमलं. पुढं भाऊजींनी जळगावला दुकान काढलं आणि ती आमच्यात राहायला आली. गुणी मुलगी. कळण्याची भाकरी शिकली, भरताची वांगी भाजायला शिकली, शेवभाजीचा रस्सा तर माझ्याहून झणझणीत करू लागली. एकदाच काय ते झालं. तिच्या बॅगेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे निघाले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी सगळं स्वयंपाकघर स्वतः धुऊन काढलं. धाकटीनंही पुडी मुकाट्यानं बाहेर नेऊन टाकली. चार वर्षांत पुन्हा तो विषय निघाला नाही. मला वाटलं, सवय झाली असेल. बायकांना सवय होतेच, नाही का!

गेल्या दिवाळीनंतर तिला सातवा लागला. अन्नावर वासना नाही, चेहरा उतरलेला. सासूबाई रोज विचारायच्या, "काय खावंसं वाटतं गं?" ही रोज म्हणायची, "काही नाही." एकदा दुपारी शाळेतून आले (मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते), तर ही गच्चीच्या जिन्यात बसून डोळे पुसते आहे. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ताई, बांगड्याचं तिखलं खावंसं वाटतं. तिरफळ घातलेलं." आणि लगेच, "आईंना सांगू नका हं."

मी सांगितलं. मला राहवलं नाही. सासूबाई बराच वेळ माळेवरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "डोहाळे मोडू नयेत. लाळ गळते पोराची. माझ्या चुलीवर नको, माझ्या भांड्यात नको. वर गच्चीवर काय ते करा." लाळेचं खरंखोटं देव जाणे, पण मी तेवढ्यावरच पिशवी उचलली!

आता मैत्रिणींनो, जिनं जन्मात मासा हातात धरला नाही ती मासळीबाजारात गेली की काय होतं ते ऐका. पायाखाली पाणी, वर कावळे, चारी बाजूंनी हाका. एका माणसाच्या टोपलीत बर्फावर बांगडे मांडलेले होते. "एकदम ताजा माल, ताई." मी डझनभर घेतले, घासाघीस केली म्हणून खूषही झाले. घरी आले, धाकटीनं पिशवीत नुसतं डोकावलं आणि म्हणाली, "ताई, हे फेकून द्यावे लागतील." डोळे खोल गेलेले नि दुधाळ, कल्ले तपकिरी पडलेले, पोटाशी बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. एवढे पैसे गेले म्हणून मी म्हटलं, "चांगलं उकळून घेऊ की." तर ती म्हणाली, बांगड्याचं तसं नाही. बांगडा, सुरमई असले मासे बर्फाशिवाय राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो कितीही उकळला तरी जात नाही. मग खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. पुढं आमच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं. शिवाय मोरीसारखे मोठे शिकारी मासे पोटुशीनं टाळावेत, कारण त्यांच्या अंगात पारा साठतो. बांगडा, तारलीसारखे लहान मासे ताजे असले तर चांगले, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आदल्या दिवशीच्या त्या माणसाकडे नजर न टाकता पलीकडे बसलेल्या भोईणबाईंकडे गेले. त्यांना खरं ते सांगितलं, की घरात गरोदर बाई आहे आणि मला मासळीतलं ओ की ठो कळत नाही. त्या हसल्या. "दर्याना मासाले आठे येवाले दोन दिन लागतस, माय. हाऊ धरणना शे, सकायना." समोर रोहू होता, हातभर लांब, खवले चकचकीत. त्यांनी कल्ला उचलून दाखवला तर आत लालबुंद.

तेव्हापासून मी त्या बाईंचीच गिऱ्हाईक. त्यांच्याकडूनच कळलं की आपल्याकडचा हा मासा हतनूरसारख्या धरणांतून येतो. धरणं-तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, त्या पाण्यात मत्स्यबीज सोडतात आणि वाढलेला मासा धरतात. रोहू, कटला, मृगळ हे त्यातले मुख्य. गंमत अशी, की हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी घालायला त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. पूर्वी बीज नदीतूनच गोळा करायचे. हिरालाल चौधरी नावाच्या शास्त्रज्ञांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात माशाला टोचणी देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. म्हणून तर समुद्रापासून एवढ्या दूर आम्हां जळगाव-धुळ्याच्या बायकांना सकाळी धरलेला मासा दुपारी मिळतो. मी सातवीच्या वर्गात हे सांगितलं, तर पोरं अर्धा तास प्रश्न विचारत होती!

गच्चीवर जुनी शेगडी लावली, एक कढई, एक तवा, दोन ताटल्या वेगळ्या काढल्या. धाकटीनं पहिल्यांदा नाकच मुरडलं. "याला मातीचा वास येतो, ताई." समुद्राकाठच्या माणसांना गोड्या पाण्यातला मासा मिळमिळीत लागतो, आणि तो मातकट वास खरंच असतो, पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांमुळे तो येतो. तिनं तुकड्यांना मीठ, हळद आणि आमसुलाचं पाणी लावून अर्धा तास ठेवलं, मग धुतलं. आंबटानं तो वास पुष्कळ बसतो. लिंबू किंवा चिंच चालते. मी आपला खानदेशी काळा मसाला दिला, खोबरं-कांदा भाजून वाटला. तिनं त्यात जपून ठेवलेली चार तिरफळं टाकली. ते ना धड मालवणी झालं ना धड खानदेशी. पण ती दोन भाकरी जेवली. चार महिन्यांत मी तिला दोन भाकरी खाताना पाहिलं नव्हतं.

मी त्या दिवशी चव घेतली नाही. काट्यांची भीती. रोहूच्या पाठीत आणि शेपटीकडे बारीक दुबेळकी काटे असतात, ते घशात अडकतात. पोटाकडच्या तुकड्यात मोठे, दिसणारे काटे. लहान मुलांना द्यायचा तर पोटाकडचाच द्यावा, हे मला नंतर कळलं.

पुढं ती बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. मे महिन्यात तिला आणायला भाऊजींबरोबर आम्हीही गेलो. हे, मी आणि आमचा चिरंजीव. गाड्या बदलत कुडाळला उतरलो, तिथून एस.टी.नं मालवण. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा. इतिहासाच्या पुस्तकात शिकवायचा किल्ला असा डोळ्यांपुढं आल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले.

संध्याकाळी धाकटी म्हणाली, "चला ताई, आता माझा बाजार बघा." किनाऱ्यावर होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, मासळी जमिनीवर ओतली की भोवती माणसांचं कडं. आकडे असे भराभर चढत होते की मला एकही नीट ऐकू आला नाही. बोली संपली की मोठा माल बर्फाच्या खोक्यांत भरून गोवा, कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्यांत, आणि विकणाऱ्या बायका आपापले वाटे घेऊन बाजूला बसत. पैशांची पिशवी त्यांच्याच कमरेला, भावही त्याच ठरवणार. मला तो थाट फार आवडला.

धाकटी तिथं वेगळीच बाई झाली होती. एवढी हळू बोलणारी, पण इथं कमरेला पदर खोचून कल्ले उघडून बघते काय, पापलेटचा कल्ला दाबून पांढरं पाणी येतं की नाही ते पाहते काय! (पांढरं आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं.) कोळंबीचं डोकं घट्ट हवं, शिंपल्या मिटलेल्या हव्यात; शिजवल्यावर जी उघडत नाही ती टाकून द्यायची. हे सगळं ती मला सांगत होती, आणि मला त्या जळगावच्या बाजारातल्या पहिल्या दिवसाची लाज वाटत होती.

एक मात्र तिथं ऐकलं ते मनाला लागलं. पापलेट आता पूर्वीसारखं मिळत नाही. २०२३ साली त्याला राज्याचा मासा म्हणून जाहीर केलं, पण बारीक जाळ्यांतून त्याची पिल्लंच धरली जातात, मग मोठं होणार कोण? त्याच वर्षी सरकारनं ५४ जातींच्या माशांसाठी, इतक्याहून लहान धरू नये, अशी मापं ठरवून दिली. त्याआधी २०१६ मध्ये मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. रापण ओढणारी माणसं, म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी जाळं ओढणारी, हे सगळं तावातावानं सांगतात. आपण शहरात बसून "तळहाताएवढी पापलेटं स्वस्त मिळाली" म्हणतो, तेव्हा ती पिल्लं असतात हे माझ्या तरी ध्यानी नव्हतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून मेअखेर घरोघरी सुके बांगडे, सोडे यांची बेगमी चालली होती. धाकटीच्या आईंच्या अंगणात चटईवर बांगडे वाळत होते. वर्तमानपत्रातली ती पुडी मला आठवली. कोणी टाकायला सांगितलं नव्हतं, हेही आठवलं.

रात्री एका घरगुती खानावळीत जेवलो. पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फळ्यावर खडूनं त्या दिवशीचे मासे लिहिलेले. जे नाही ते पुसून टाकायचं, एवढाच मेनू. मालकीणबाई स्वतः वाढायला. रवा लावून तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, भात आणि गुलाबी सोलकढी. ह्यांनी सवयीनं ठेचा आणि शेंगदाणे मागितले, तेव्हा सगळी खानावळ हसली! धाकटीच्या आई माझ्या शेजारी होत्या. "जरा खावन बघा, काय होवचा नाय," म्हणाल्या आणि सुरमईचा मधला काटा अलगद काढून तुकडा माझ्या पानात ठेवला. सुरमईला मधे एकच ठळक काटा, त्यामुळे माझ्यासारख्या नवशिकीला सोपी. मी खाल्ली. खोटं कशाला बोलू, दुसरा तुकडा मागून घेतला. बांगड्याचं तिखलं मात्र मला उग्र वाटलं. तिरफळानं जीभ झिणझिणते. धाकटी तेच खात होती, बोटं चाटत, मांडीवर तीन महिन्यांची लेक. लाळ कोणाची गळत होती म्हणाल तर आमच्या चिरंजीवांची!

परत आलो. येताना आमसुलं, तिरफळं आणि सुक्या बांगड्यांचा एक घट्ट झाकणाचा डबा आला. डबा गच्चीवरच्या कपाटात राहतो. बुधवार किंवा रविवार पाहून भोईणबाईंकडचा रोहू येतो. साफ केल्यावर उरलेलं आम्ही कढीलिंबाच्या बुंध्याशी खोल पुरतो, हात चण्याच्या पिठानं आणि लिंबानं धुतो. वास खाली जात नाही असं आम्ही म्हणतो. जातच असणार. सासूबाईंचं नाक तिखट आहे.

त्या अजून गच्चीवर पाय ठेवत नाहीत त्या दिवशी. श्रावणात तर शेगडी पुसून झाकूनच ठेवली होती. पण श्रावण संपल्यावर एका मंगळवारी रात्री, नातीला मांडीवर थोपटता थोपटता त्यांनी मला विचारलं, "उद्या बुधवार ना? तुमचं वर आहे का काही?"

मी दबकत "हो" म्हटलं.

"मग भाकऱ्या मी खाली टाकून ठेवते. गरम आहेत तोवर वर ने. ती थंड भाकरी खात नाही."