संघराज्य समजून घेताना – लेखांक ६ : कापूस नेमका कोणाच्या अखत्यारीत?

मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला गोदावरी वाहते. कायगावच्या काठावरून समोर टोका आणि प्रवरासंगम दिसते. तिथून नेवासा तालुका, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा लागतो. आज या पुलावरून जाताना आपण काही ओलांडले असे कोणाला वाटत नाही. पण १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे मुंबई इलाखा. संस्थानचे चलन हाली सिक्क्याचे होते आणि हद्दीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घेणारे करोडगिरी खातेही संस्थानचे स्वतःचे होते. काळ्या रानात पिकलेला कापूस मुंबईच्या वाटेला लागला की त्याला या नाक्यांवर थांबावे लागे.

हे नाके संस्थान विलीन झाल्याबरोबर उठले, असेही नाही. घटनेच्या कलम ३०१ने देशभर व्यापार मोकळा केला खरा, पण कलम ३०६ने हैदराबादसारख्या राज्यांना आपली अंतर्गत जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. ते कलम १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने गेले. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला. केंद्राचा अधिकार म्हटले की आपल्याकडे लगेच दिल्लीची दादागिरी आठवते, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. गोदावरीवरचा नाका उठला तो देश ही एकच बाजारपेठ मानली गेल्यामुळे, आणि त्याचा लाभ गंगापूरच्या शेतकऱ्याला झाला.

मागच्या लेखांकात घटनेच्या सातव्या अनुसूचीतील तीन याद्या पाहिल्या : केंद्राची संघसूची, राज्यांची राज्यसूची आणि दोघांची सामाईक समवर्ती सूची. त्या आज एका पिकाला लावून पाहू. राज्यसूचीत शेती आहे (नोंद १४), पाणी आहे (१७), जमीन आहे (१८), बाजार आहेत (२८). एवढ्यावरून कापूस हा पूर्णपणे राज्याचा विषय वाटेल. पण आयात-निर्यात संघसूचीच्या ४१व्या नोंदीत आहे आणि सीमाशुल्क ८३व्या नोंदीत. शिवाय समवर्ती सूचीच्या ३३व्या नोंदीत कापसाचा नावानिशी उल्लेख आहे, पिंजलेला असो वा न पिंजलेला. सोबत सरकीही आहे.

ही ३३वी नोंद आज दिसते तशी मुळात नव्हती. घटनाकारांनी कलम ३६९मध्ये संसदेला कापूस, सरकी, अन्नधान्य, वैरण, कोळसा, पोलाद अशा काही वस्तूंच्या राज्यांतर्गत व्यापारावरही कायदे करण्याची सत्ता दिली होती, पण फक्त पाच वर्षांसाठी. युद्धानंतरची टंचाई आणि फाळणीची ओढाताण ताजी होती. फाळणीत कापसाचे मोठे पट्टे पाकिस्तानात गेले आणि गिरण्या मात्र बहुतेक भारतात राहिल्या. पाच वर्षे सरत आली, तेव्हा १९५४च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने यांतल्या कापूस, सरकी, अन्नधान्य, वैरण यांसारख्या वस्तू समवर्ती सूचीत कायमच्या घातल्या. अडचणीच्या काळापुरती दिलेली सत्ता अडचण सरल्यावरही तिथेच राहिली. माझ्या मते केंद्र-राज्य वादात शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटनादुरुस्ती नाही, आणि तिची चर्चा मात्र फार थोडी होते. २०२०चे कृषी कायदे संसदेने केले तेव्हा केंद्राने याच नोंदीचा आधार घेतला होता. ते कायदे २०२१च्या अखेरीस मागे घेतले गेले. नोंद जागेवर आहे.

समवर्ती सूची राज्यालाही दार उघडून देते, आणि महाराष्ट्राने ते एकदा पूर्ण उघडून पाहिले. १९७१चा कायदा आणि १९७२पासूनची एकाधिकार कापूस खरेदी योजना आजच्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक कापूस उत्पादकाला आठवत असेल. राज्यातला कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याला बंदी. बदल्यात हमी भाव, आणि पुढे विक्रीत नफा झाला तर त्यात वाटा. विषय समवर्ती असल्यामुळे योजनेला दिल्लीची संमती लागत असे आणि मुदतवाढीच्या वेळी पुन्हा दिल्लीकडेच पाहावे लागे. हेतू चांगला होता; हंगामाच्या तोंडावर भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यापासून कोरडवाहू शेतकऱ्याला वाचवायचे होते. पण या योजनेने राज्याच्या हद्दीवर पुन्हा नाके बसवले. शेजारच्या राज्यांत भाव चढा असला की कापूस रातोरात तिकडे जाई आणि इकडची हमी जास्त असली की तिकडचा कापूस इकडे येई. खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीवरून वाद होत, चुकारे महिनोन् महिने रखडत. तोटा साचत गेला आणि २००२च्या सुमारास खाजगी व्यापार खुला करावा लागला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी सरकारचा बाजारातला हात, मग तो मुंबईचा असो की दिल्लीचा, सारखाच घातक मानत. त्यांचे सगळे म्हणणे मला पटत नाही. पण या योजनेने त्यांच्या हाती भक्कम पुरावा दिला, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून ‘सगळे अधिकार राज्याला द्या’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. अधिकार कोणाकडे आहे याइतकाच, तो अधिकार वापरला गेल्यावर नुकसान कोण सोसतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

२०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने हा प्रश्न उघड्यावर आणला. बीटी कापसाला २००२ साली मान्यता दिली केंद्राने. बियाण्याच्या विक्रीवर आणि भावावर २००९मध्ये कायदा केला महाराष्ट्राने. पण २०१५च्या आदेशाने कापूस बियाण्याचे भाव ठरवण्याचे काम केंद्राने आपल्याकडे घेतले. अळी आली तेव्हा बोंडे पोखरलेल्या शेतकऱ्याने जायचे कुठे? तो तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेला आणि राज्याच्या कायद्याखालचा ‘जी फॉर्म’ भरून आला. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात मदत जाहीर झाली : कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. ऐकायला आकडा मोठा होता. त्याची फोड पाहिली की संघराज्याची गुंतागुंत दिसते. कोरडवाहूच्या ३०,८००पैकी ६,८०० रुपये आपत्ती निवारण निधीच्या निकषातून, ८,००० पीकविम्यातून आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. म्हणजे घोषणेतला सर्वांत मोठा वाटा अशा कंपन्यांच्या खिशातून यायचा होता, ज्यांनी तो देण्याची जबाबदारीच मान्य केली नाही. तीन ठिकाणचे पैसे एका बेरजेत मांडून घोषणा करता येते. शेतकऱ्याला ते तीन ठिकाणी मागत फिरावे लागते.

आता भावाकडे वळू. हमीभाव केंद्र ठरवते : २०२५-२६साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. महाराष्ट्राचाही राज्य कृषिमूल्य आयोग आहे; तो उत्पादनखर्चाचा हिशेब करून दिल्लीला शिफारस पाठवतो. ती स्वीकारण्याचे बंधन दिल्लीवर नाही. खरेदी करते केंद्राची सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ. पण तिच्याकडे नोंदणी करायला लागतो राज्याचा सातबारा आणि त्यावरची पीक नोंद. ई-पीक पाहणीत कापसाचा पेरा चढला नसेल, तर केंद्राचा हमीभाव राज्याच्या एका कोऱ्या रकान्यापाशी अडतो.

आणि या सगळ्यावर एका अधिसूचनेत पाणी फिरू शकते. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्राने ते ३० सप्टेंबरपर्यंत उठवले आणि लगेच ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मराठवाड्यातली पहिली आणि दुसरी वेचणी नेमकी या काळात घरी येते. केंद्राची बाजूही समजून घ्यायला हवी. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले होते, तिरुपूरसारख्या शहरांतले कापड उद्योग अडचणीत होते आणि त्यांना स्वस्त कापूस हवा होता. कापूस पिकवणारे राज्य आणि कापड विणणारे राज्य यांचे हित एकमेकांविरुद्ध जाते, तेव्हा निवाडा करणारा कोणीतरी मध्ये लागतोच. तो अधिकार केंद्राकडे असण्याला माझी हरकत नाही. माझी हरकत अशी आहे की ज्या राज्याच्या शेतकऱ्याने किंमत मोजायची, त्या राज्याला निर्णयाआधी आपली बाजू मांडायची हक्काची जागा नाही.

करांच्या बाबतीत अशी जागा आपण तयार केली आहे. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. शेतमालाच्या आयात-निर्यातीसाठी यातले काहीही नाही. घटनेच्या कलम २६३मध्ये आंतरराज्य परिषदेची तरतूद पहिल्यापासून होती. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने आग्रह धरल्यावर १९९०मध्ये ती स्थापन झाली. तिची शेवटची बैठक जुलै २०१६मध्ये झाली. या परिषदेची शेतमालासाठी स्थायी समिती नेमावी आणि पेरणी झाल्यानंतर त्या हंगामाच्या शुल्कात बदल करायचा असेल तर उत्पादक राज्यांचे म्हणणे लेखी नोंदवून त्याला लेखी उत्तर देणे बंधनकारक करावे. एवढ्यासाठी घटनादुरुस्ती लागणार नाही. शुल्क उठवायचेच ठरले, तर त्याच आदेशात सीसीआयची खरेदी केंद्रे वेचणीच्या आरंभी उघडण्याची तारीखही असावी. महाराष्ट्रातल्या सत्ताधाऱ्यांनी आणि विरोधकांनीही ही मागणी आजवर कधी नेटाने लावून धरली नाही. दिल्लीला दोष देताना हेही बोलले पाहिजे.

पुढील लेखांकात गंगापूर तालुक्यातल्याच वाळूज औद्योगिक वसाहतीत जाऊ. जीएसटी आल्यापासून तिथे तयार होणाऱ्या मालावरचा कर, माल जिथे खपतो त्या राज्याकडे जातो. त्यात महाराष्ट्राने काय गमावले आणि काय कमावले, ते तिथे तपासू.