गहाण पडलेल्या चादरी

जानेवारी २०२५ मध्ये अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे दहावे पर्व आपल्या शहरात प्रोझोन मॉलमधील चित्रगृहात भरले, तेव्हा दुकान मुलावर सोपवून मी दोन दिवस तेथे बसलो. (सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यास सायंकाळचा खेळ मात्र अर्धा टाकून उठावे लागते.) व्यापारी माणसाला हे वेड कसे, असे स्नेही विचारतात.

ते लागले घरीच, व्हिट्टोरिओ डी सिका यांच्या १९४८ च्या 'बायसिकल थीव्ज'ने. युद्धोत्तर रोम. नोकरीसाठी सायकल हवी, आणि ती गहाण पडलेली. पत्नी मारिया पलंगावरील चादरी उतरवून गहाणदाराच्या खिडकीशी नेते. थोडी घासाघीस होते; कारकून रक्कम किंचित वाढवतो. मग एक नोकर ते गाठोडे घेऊन फळ्यांवर चढत जातो, छतापर्यंत रचलेल्या तशाच गाठोड्यांत ठेवण्यासाठी.

बाबूजी शेजारी होते. सिनेमा म्हणजे वेळेचा अपव्यय, हे त्यांचे मत. आमच्याकडे कापडाबरोबर एके काळी गहाणवटही चाले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "भाव चुकीचा नाही दिला त्याने. पण त्या ढिगातली किती गाठोडी सुटली असतील?"

सत्यजित राय यांनी हाच चित्रपट १९५० मध्ये लंडनला पाहिला आणि 'पथेर पांचाली'चा त्यांचा निश्चय पक्का झाला. बाबूजींनी दुसऱ्या दिवशी जुन्या वह्यांचे कपाट उघडायला लावले. तीन नावे निघाली, ज्यांच्या वस्तू अद्याप आमच्याकडेच होत्या. दोघांचा पत्ता लागला. तिसऱ्याचे चांदीचे कडे अजून तिजोरीत आहे.