एका टेबलाभोवती चार इयत्ता

मुलांना शाळेत न घालता आईवडिलांनी घरीच शिकवणे म्हणजे गृहशिक्षण. तीन-चार लहान मुलांच्या ख्रिस्ती घरात त्याची आखणी आठवड्याच्या हिशेबाने होते. रविवार उपासनेचा, तो हलत नाही. उरलेले सहा दिवस त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवावे लागतात.

खानदेशातल्या भुसावळ या रेल्वे जंक्शनच्या परिसराला ही रीत अगदीच नवखी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था वऱ्हाड-खानदेशात काम करू लागली. मिशनरी कुटुंबांच्या मुलांसाठी कोडाईकनालला १९०१ साली शाळा निघाली खरी, पण इथून ती दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. लेकरू तिथे धाडण्याजोगे होईपर्यंत अक्षरे-अंक आईनेच गिरवून घ्यायचे. मराठी ख्रिस्ती समाजातले याहून ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे. बालपणी हिंदू घरात असताना त्यांना आई लक्ष्मीबाईंनी आठव्या वर्षापासून संस्कृत शिकवले, तेही तीर्थयात्रेच्या भटकंतीत. रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. शाळेचा उंबरा न ओलांडता मिळालेल्या भाषेच्या पायावर एवढे काम उभे राहिले.

घरच्या शाळेचा दिवस प्रार्थनेने उघडतो. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा आणि आठवडाभर पाठ करायचे एक सुवर्णवचन. वचन सोमवारी सांगितले की शनिवारपर्यंत चार वर्षांचे धाकटेही ते अडखळत म्हणते. भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपुढे जातो, म्हणून मार्चपासून सात वाजता बसून अकराच्या आत वह्या मिटणे शहाणपणाचे. तीन-चार मुलांना समोरासमोर शिकवताना प्राथमिक वयाचा अभ्यास एवढ्या वेळात उरकतो; हजेरी, रांगा आणि तासांची अदलाबदल यांत जाणारा वेळ इथे वाचतो.

खरी कसोटी वेगवेगळ्या वयांची. चार मुलांना चार इयत्तांचे सगळे विषय निरनिराळे शिकवायला गेलेली आई महिनाभरात थकून जाते. जाणत्या घरांत म्हणून गोष्टी, इतिहास, परिसर आणि शास्त्रपाठ सर्वांना एकत्र असतात. वाचन आणि गणित तेवढे ज्याचे त्याला. बायबलमधल्या योसेफाची गोष्ट एकदाच वाचली जाते. धाकटे त्याच्या रंगीत झग्याचे चित्र काढते, सहा वर्षांचे गोष्ट तोंडी सांगते, नऊ वर्षांचे तीच दहा ओळींत लिहिते. ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायला लावण्याची ही पद्धत इंग्लंडच्या शार्लट मेसन यांनी रुजवली. श्रद्धाळू ख्रिस्ती असलेल्या या शिक्षिकेचा लहानग्यांसाठी आग्रह होता तो वीस मिनिटांच्या आतल्या धड्यांचा. त्यांची १८९१ ची टपालशाळा परदेशी राहणाऱ्या इंग्रज कुटुंबांपर्यंत धडे पोहोचवी. आई एकाचे गणित घेत असताना थोरले धाकट्याकडून बाराखडी म्हणवून घेते, आणि त्यात थोरल्याचेच ऱ्हस्व-दीर्घ पक्के होते.

पुस्तकांची अडचण मराठी घराला नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके स्वस्त आहेत, शिवाय १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक आहे. पण भुसावळचे मोठे पुस्तक दाराबाहेर पडलेले आहे. केळीचा घड ओट्यावर ठेवला की गुणाकार सुरू होतो: नऊ फण्या, एकेका फणीला साधारण चौदा केळी, तर घडात किती? मग प्रत्यक्ष मोजायचे. उत्तर जुळत नाही, कारण खालच्या फण्या लहान असतात. अंदाज आणि मोजणी यांतला फरक मुलाला तिथेच कळतो. रेल्वेच्या वेळापत्रकावर चोवीस तासांचे घड्याळ शिकवता येते, रात्री २३.४० ला सुटलेली गाडी पहाटे ४.१५ ला पोहोचली तर प्रवास किती, हे उदाहरण इथल्या मुलांना कृत्रिम वाटत नाही. शनिवार बाहेरचा ठेवला, तर चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते ती जागा पाहता येते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, मुलताईला उगम पावणारी तापी मात्र पश्चिमेला. हे नकाशावर दाखवण्याआधी काठावर उभे राहून दाखवावे. हिवाळ्यात हतनूर धरणाच्या पाण्यावर स्थलांतरित बदके उतरतात.

वडील रेल्वेत रनिंग ड्यूटीवर, म्हणजे धावत्या गाडीवर कामाला असले तर त्यांचा मोकळा दिवस मंगळवारीही येतो. शाळेत जाणाऱ्या मुलांची आणि त्यांची गाठ पडत नाही. घरची शाळा मात्र आपली सुट्टी इकडची तिकडे करू शकते. आईचा भार हलका व्हायचा तर विज्ञान किंवा गणिताचा एक तास त्यांनीच घ्यायला हवा.

घोळक्यात एकेक मूल हरवू नये, याची एक तजवीज तीनशे वर्षांपूर्वीची आहे. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांच्या आई सुझाना यांना एकोणीस मुले झाली. त्यांतली दहा जगून मोठी झाली. त्या रोज सहा तास घरीच शिकवत आणि आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी बोलण्यासाठी राखत. जॉनचा वार गुरुवार होता. ही सवय आजही उचलावी अशी आहे.

सवंगड्यांचा प्रश्न खरा आहे, आणि तो झटकून टाकू नये. रविवारची शाळा, नाताळची नाटिका आणि गीतगायन यांतून ख्रिस्ती मुलांची सोबत मिळते. पण गल्लीतल्या सर्वधर्मीय मुलांबरोबर रोज संध्याकाळचा खेळ हवाच, नाहीतर मूल चर्चच्या मंडळीपुरतेच वाढते.

कायद्याची बाजू आईवडिलांनी आधी समजून घ्यावी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेत दाखल करणे पालकांचे कर्तव्य मानतो, मात्र ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगत नाही. गृहशिक्षणासाठी वेगळी नोंदणीही त्यात नाही. प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा मार्ग आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या. दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय चौदा. जन्मदाखला, आधार आणि शिकवलेल्या धड्यांची तारीखवार वही पहिल्या वर्षापासून सांभाळली, तर पुढे शाळेत घालायचे ठरले तरी वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो.