जुना ‘लायका एम ९’ ठेवायचा की बदलायचा? आधी सेन्सरची काच तपासा!

९-९-०९ हा मुहूर्त साधून लायका कंपनीने ‘एम ९’ हा कॅमेरा जाहीर केला. ३५ मिमी फिल्मएवढा पूर्ण आकाराचा सेन्सर असलेला हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. १८ मेगापिक्सल, ५८५ ग्रॅम वजन. ऑटोफोकस नाही, व्हिडिओ नाही. तरीही ज्यांच्याकडे तो आहे त्यांना तो सोडवत नाही. मात्र प्रश्न आता हौसेपुरता राहिलेला नाही. सेन्सर गेला, तर कंपनीकडेही नवा शिल्लक नाही.

रेंजफाइंडर म्हणजे काय?

यात लेन्समधून पाहायचे नसते. कॅमेऱ्याला वर वेगळी खिडकी असते. केळीच्या बागेत घडावर रोखून पाहिले, की मधल्या चौकोनात घड दोन दिसतात. लेन्सची रिंग फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या, की फोकस झाला. चौकटीबाहेरचेही दिसत राहते, त्यामुळे आत कोण येतेय हे आधीच कळते. सवय लागली की दुसरा कॅमेरा नकोसा होतो, ही अडचणही खरीच.

बिघाड कुठे आहे?

या कॅमेऱ्यात लेन्स सेन्सरच्या फार जवळ असते आणि कडेला प्रकाश तिरपा पडतो. म्हणून सेन्सरवरची काच पातळ ठेवावी लागते. २००६ च्या ‘एम ८’मध्ये ती इतकी पातळ होती, की अवरक्त किरणे आत शिरून काळे सिंथेटिक कापड जांभळट दिसे. ‘एम ९’मध्ये काच बदलली, पण तिच्या लेपाला इजा झाली की दमट हवेने ती गंजू लागते. कंपनीने दोष मान्य करून सेन्सर बदलून दिले. सरसकट मोफत बदलाची योजना २०१७ मध्ये संपली आणि २०२० मध्ये सेन्सरचा साठाच संपला.

तपासणी घरच्या घरी होते. आयएसओ १६०, अॅपर्चर एफ १६ ठेवून, मुद्दाम फोकस बिघडवून स्वच्छ आकाशाचा फोटो काढा आणि संगणकावर मोठा करून पाहा. साधी धूळ ब्लोअरने किंवा सफाईने जाते. सफाईनंतरही कडेला वलय असलेले ठिपके तिथेच राहिले, तर ती गंज समजा.

जळगाव-धुळ्याचा उन्हाळा पंचेचाळिशीला टेकतो, हवा कोरडी. मग दमटपणा कुठला, असे वाटेल. पण त्याच दिवसांत घरोघरी पाण्याचे कूलर सुरू असतात आणि कॅमेऱ्याची बॅग नेमकी त्याच खोलीत असते. पुढे पावसाळा आहेच. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर एवढ्यावर काम भागते. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की पुरे.

मग बदलायचा का?

सेन्सर बदलल्याची सर्व्हिसची पावती असेल आणि चाचणीत ठिपके नसतील, तर विकण्याची घाई करू नये. फोकस चुकत असेल तर बहुतेकदा रेंजफाइंडरची जुळणी सरकलेली असते. ती दुरुस्त होते. त्यासाठी कॅमेरा बदलणे म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळे बदलण्यासारखे.

रात्रीचे काम असेल तर हिशेब वेगळा. कानबाईच्या जागरणात ‘एम ९’ लवकर थकतो. त्याची मर्यादा आयएसओ २५०० आहे आणि तिथवर जाताना फोटो दाणेदार होतो. २०२२ च्या ‘एम ११’मध्ये ६० मेगापिक्सल आणि आयएसओ ५० हजारांपर्यंत आहे, पण बाजारात येताना त्याच्या नुसत्या बॉडीची किंमत ८,९९५ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे पावणेसात लाख रुपये, करांशिवाय. मधला मार्ग २०१२ मध्ये जाहीर झालेल्या ‘एम टाइप २४०’चा. सेकंड-हँड घेता येतो, त्याचा सेन्सर सीमॉस आहे आणि त्यावरची काच वेगळी असल्याने ही गंज नाही. मात्र वजन ६८० ग्रॅम.

लेन्स मात्र विकू नयेत. १९५४ पासूनचा एम माउंट आजही तोच असल्याने जुन्या एम लेन्स नव्या बॉडीवरही बसतात. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२-१९८९) यांनी तर घरातच टेबलावर वस्तू मांडून टेबल टॉप छायाचित्रणात नाव मिळवले. तिथे आयएसओ ५० हजारांची गरज कधी पडली नसती.

गंज सुरू झालीच असेल, तर परदेशातील काही खासगी तंत्रज्ञ फक्त वरची काच बदलून देतात. कॅमेरा पाठवण्याआधी येण्या-जाण्याचा विमा, कस्टमची कागदपत्रे आणि कामाची हमी लेखी मागून घ्यावी. या खर्चाचा आकडा सेकंड-हँड ‘२४०’च्या जवळ जात असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत.