ट्रायफल : धीराने रचायचे मिष्टान्न

इंग्लंडात नाताळच्या भोजनाचा जो शिरस्ता पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, त्यात सुकामेव्याने जड झालेल्या पुडिंगाचा मान पहिला खरा. परंतु ते ज्यांना झेपत नाही अशा लहानथोरांसाठी, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या आप्तेष्टांसाठीही, काचेच्या खोल पात्रात थरांवर थर रचलेले ट्रायफल अनेक घरांत सिद्ध असते. पात्र काचेचे असावे हा आग्रह निव्वळ शोभेचा नव्हे. करणाऱ्याची घिसाडघाई त्यातून लपत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस टॉमस डॉसनच्या पाकग्रंथात या नावाखाली आढळते ती केवळ साखर, आले व गुलाबपाणी घातलेली दाट साय. अठराव्या शतकात हॅना ग्लास या विदुषीच्या ग्रंथात मात्र मद्यात भिजवलेली बिस्किटे, त्यांवर कस्टर्ड आणि सर्वांवर फेसाळ साय अशी ओळखीची मांडणी दिसते. जेली मागाहून आली, आणि तिच्यावरून आजही दोन तट आहेत. जेलीला पोरकट समजणाऱ्या कर्मठांची पंचाईत अशी की, २०२२ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सत्तरीनिमित्त झालेल्या स्पर्धेत जे ट्रायफल सर्वश्रेष्ठ ठरले, त्यात जेली होती!

तळाशी घालायचा स्पंज केक किंचित शिळा असावा, कारण ताजा केक शेरीचा शिडकावा होताच लगदा होऊन बसतो. त्याला रासबेरीचा जॅम फासावा, शेरी मुरू द्यावी (स्कॉटलंडात तिच्या जागी बहुधा व्हिस्की येते), आणि वर फळे मांडून जेली ओतावी. ताजे अननस येथे सर्वथा वर्ज्य. त्यातील पाचक द्रव्य जिलेटिनमधील प्रथिनांचे विघटन करते, सबब जेली कधीच आळत नाही. डब्यातल्या अननसातील ते द्रव्य उष्णतेने निकामी झालेले असल्यामुळे त्याला मुभा आहे.

खरी परीक्षा कस्टर्डाची. अंड्यांचे बलक, साखर व दूध मंद आचेवर अखंड ढवळत राहिल्यास ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मिश्रण दाटू लागते. उकळी फुटली की ते फाटलेच म्हणून समजावे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने, पत्नीला अंडी सोसत नसल्यामुळे, १८३७ साली मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पावडर काढून हे संकट पुष्कळांपुरते टाळले. आपल्याकडील फ्रूट कस्टर्डही त्याच जातीच्या पावडरीवर चालते. पण कस्टर्ड कोणतेही असो, ते पुरते निवल्याखेरीज ओतू नये, नाहीतर खालची जेली वितळून दोन्ही थर एकमेकांत मिसळतात.

घुसळलेली साय आणि भाजलेले बदाम ही अखेरची कामे पंगत बसण्याच्या सुमारास करावीत, म्हणजे बदाम मऊ पडत नाहीत. वाढताना चमचा तळापर्यंत घालावा; वरची साय तेवढी उचलून घेणाऱ्या पाहुण्यास तिथली गृहिणी शब्दाने काही बोलत नाही, परंतु पुढचे पात्र त्याच्यापासून जरा दूर ठेवते.