सत्तावीस सामने, सत्तावीस विजय आणि शून्य

जर्सी हे इंग्लिश खाडीतलं, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं एक छोटं बेट. तिथला ‘जर्सी बुल्स’ हा नवा क्लब २०१९-२० मध्ये पहिल्यांदाच इंग्लंडच्या एका प्रादेशिक लीगमध्ये उतरला. कम्बाइन्ड काउंटीज लीगची डिव्हिजन वन म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत थेट दहावी पायरी. मार्च २०२० पर्यंत त्यांनी २७ सामने खेळले आणि २७ जिंकले. वरच्या डिव्हिजनमधली जागा गणिताने पक्की झाली होती. मग कोविड आला. २६ मार्चला फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, जाहीर केलं की या पातळ्यांवरचा हंगाम संपला आणि सगळे निकाल रद्द. कुणाला बढती नाही, कुणाची घसरण नाही.

संशोधनाशी याचा काय संबंध? सरळ संबंध आहे. तुमचा डेटा कधी ना कधी अर्धवट राहणार आहे. एखादी शाळा मध्येच परवानगी काढून घेते, पाऊस लवकर येतो, फेलोशिपचे पैसे अडकतात. मग गाइडसमोर बसून तुम्ही तेच तीन पर्याय मांडता, जे २०२० मध्ये फुटबॉलवाल्यांसमोर होते: सगळं खोडायचं, आहे तिथे थांबायचं, की सरासरी काढून पुढचं भरून घ्यायचं.

सरासरीचं उदाहरण आधी बघू, कारण बहुतेक जण तिकडेच वळतात. इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवर, लीग वनमध्ये, ९ जून २०२० रोजी क्लबांनी मतदान करून ठरवलं की क्रमवारी ‘प्रति सामना गुण’ यावर लावायची. प्रत्येकाचे सामने सारखे झाले नव्हते, तेव्हा वरवर न्याय्यच. आठव्या क्रमांकावरचा वायकोम्ब (३४ सामने, ५९ गुण) यामुळे तिसरा झाला. पीटरबरोचेही ५९ गुणच, पण ३५ सामन्यांत, म्हणून तो सहाव्यावरून सातवा झाला आणि प्लेऑफ हुकला. वायकोम्ब प्लेऑफ जिंकून वर गेला. तळाला ट्रॅनमिअरचे ३४ सामन्यांत ३२ गुण, म्हणजे सरासरी ०.९४. त्यांच्या लगेच वर विम्बल्डन, ३५ सामन्यांत ३५, म्हणजे बरोबर १. एकच सामना जिंकला असता तर दोघांचे गुण समान! शिवाय ट्रॅनमिअरचे दहा सामने बाकी होते. तरीही ते खाली गेले.

ट्रॅनमिअरने तेव्हा मांडलेला प्रस्ताव मला पद्धतीच्या दृष्टीने फार शहाणपणाचा वाटतो. त्यांचं म्हणणं असं की सरासरी वापरा, पण तिच्यासोबत चुकीची मर्यादाही धरा. मागच्या हंगामांत या टप्प्यावरची सरासरी आणि शेवटचा निकाल यांत किती फरक पडला ते बघा, आणि अंतर त्याहून कमी असेल तर कुणाला खाली ढकलू नका. पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. आता, हा प्रस्ताव त्यांच्या सोयीचा होता हे उघड आहे. पण सोयीचं आहे म्हणून चूक ठरत नाही. (आपल्याही बाबतीत हे लक्षात ठेवा, दोन्ही बाजूंनी.)

आता आपल्याकडचं बघा. २०१९-२० च्या आय-लीगमध्ये प्रत्येक संघाचे २० सामने ठरले होते. १६ सामन्यांनंतर मोहन बागान ३९ गुणांवर, दुसऱ्या क्रमांकापेक्षा १६ गुणांनी पुढे. उरलेले सगळे सामने जिंकूनही कुणालाही बागानला गाठता आलं नसतं. त्यामुळे लीग थांबली आणि बागानला विजेता घोषित केलं, तेव्हा पहिल्या क्रमांकाबद्दल अंदाज बांधायची गरजच नव्हती.

म्हणजे सरासरीच्या आधी विचारायचा प्रश्न हा आहे: जे मिळालं नाही ते सगळंच्या सगळं माझ्या निष्कर्षाच्या विरोधात गेलं, तरी निष्कर्ष टिकतो का? बागानचा टिकतो, जर्सीच्या बढतीचा टिकतो, ट्रॅनमिअरच्या घसरणीचा टिकत नाही.

तुमच्या डेटावर हे करायला पाच मिनिटं लागतात. समजा, १०० घरांचं सर्वेक्षण ठरलं होतं, ७० झाली, त्यांत ५२ ‘हो’ आली. उरलेली तीसही ‘नाही’ धरा: १०० पैकी ५२. बहुमत टिकलं. सगळी ‘हो’ धरा: ८२. तुमचं उत्तर आहे ५२ ते ८२ टक्के. पण ७० पैकी ४४ ‘हो’ असती तर? सरासरी जवळपास ६३ टक्के दिसते, छान वाटतं, पण वाईटात वाईट धरलं तर ४४. तिथे ‘बहुसंख्य’ हा शब्द लिहायचा असेल तर राहिलेली घरं झालेल्या घरांसारखीच का मानायची, ते सांगावं लागेल. राहिलेली घरं वस्तीच्या टोकाची, दिवसभर मजुरीला जाणाऱ्यांची असतील तर ते सांगणं अवघड जाईल. अर्थशास्त्रात अशा सीमांना चार्ल्स मॅन्स्की यांचं नाव जोडलं जातं. पट्टा रुंद येतो म्हणून लोक तो लिहायला लाजतात. परीक्षक मात्र तोच आधी विचारतो.

राहिला पर्याय खोडण्याचा. एफएची अडचण मी समजू शकते: शेकडो क्लब, प्रत्येकाचे सामने वेगळे, सगळ्यांना एकच नियम हवा. पण त्या नियमाने पक्कं आणि कच्चं एकाच टोपलीत टाकलं. पुढचा २०२०-२१ चा हंगामही पूर्ण झाला नाही. मग २०२१ मध्ये कुणाला वर घ्यायचं हे ठरवताना एफएने दोन्ही अर्धवट हंगामांचे प्रति सामना गुण धरले आणि जर्सी बुल्स वरच्या डिव्हिजनमध्ये गेले. रद्द केलेले ते २७ निकाल कुणीतरी जपून ठेवले होते.