कोणाकडे उतरलात?

गावाहून परतलेल्या माणसाला पूर्वी पहिला प्रश्न असायचा, ‘कोणाकडे उतरला होतात?’ आता विचारतात, ‘काय काय पाहिलंत?’ हे दोन प्रश्न म्हणजे प्रवासाच्या दोन निरनिराळ्या कल्पना आहेत. मोठ्या शहरात किंवा प्रसिद्ध किल्ल्यावर दुसरा प्रश्न चालून जातो. तिथे पाहण्याच्या जागा रोजच्या राहत्या जागांपासून वेगळ्या काढलेल्या असतात. तिकीट काढावं, पाहावं आणि निघावं, यात कोणाचं काही बिघडत नाही. लहान गावात मात्र असं काही वेगळं काढून ठेवलेलं नसतं. देऊळ गावाच्या पूजेचं, पाखाडी गावाच्या वहिवाटीची, किनारा गावातल्या होड्यांचा. तिथे पाऊल टाकलं की आपण कोणाच्या तरी अंगणातच असतो. म्हणून लहान गावात जायचं तर कोणाकडे तरी उतरूनच जावं, असं माझं मत आहे. यजमानाच्या घरी, त्याच्या वेळेत आणि त्याच्या शब्दाला मान देऊन राहणारा पाहुणा गावाला पेलतो. फक्त पाहायला येणारी गर्दी पेलत नाही.

नारायण पेठेत राहणाऱ्याला हे समजायला दूर जायला नको. केसरीवाडा, पत्र्या मारुती, मोदी गणपती ही ठिकाणं तासाभरात पाहून होतात, पण तेवढ्याने पेठ कळली असं इथला रहिवासी कधीच म्हणणार नाही. गणेशोत्सवात हीच पेठ दहा दिवस दुसऱ्यांची होते. केसरीवाड्याचा गणपती मानाचा पाचवा. रस्ते बंद होतात, दारासमोर अनोळखी गाड्या लागतात, जिन्याच्या पायरीवर कोणीही येऊन बसतं. त्याच दिवसांत घरोघरी गावाकडचे पाहुणेही आलेले असतात, पण त्यांचा जाच होत नाही. चपला कुठे काढायच्या, पाणी किती वाजता जातं, शेजारच्या आजींना आवाज सोसत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं आणि त्यांच्या वागण्याबद्दल कोणीतरी उत्तरदायी असतं. माणसं दोन्हीकडे सारखीच, फरक यजमान असण्या-नसण्याचा आहे. कोकणातून शिकायला आलेली मुलं एकेकाळी पुण्यातल्या घरांमध्ये वार लावून जेवत. आठवड्यातला एकेक दिवस एकेक घर त्या मुलाची जबाबदारी घेई. शहराने गावाला असं सामावून घेतलं होतं. आता शहर गावाकडे निघालं आहे, तेव्हा जाण्याची रीतही तितकीच विचारपूर्वक ठरवायला हवी.

अशी रीत घालून देणारं एक गाव पुण्यापासून साधारण २०० किलोमीटरवर आहे: रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिणेला बाणकोटचा किल्ला आहे आणि तिथून पुढे वेळास. पुण्याशी या गावाचं नातं जुनं आहे. नाना फडणवीसांचं भानू घराणं मूळचं इथलं. ज्या नारायणराव पेशव्यांच्या नावाने ही पेठ ओळखली जाते, त्यांचा १७७३ मध्ये खून झाल्यावर राज्याचा गाडा सावरणाऱ्या बारभाईंमध्ये नाना अग्रणी होते. एवढा इतिहास असूनही वेळास पर्यटनाच्या नकाशावर आलं ते ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांमुळे. या किनाऱ्यावर माद्या अंडी घालायला येतात. ती अंडी पूर्वी उकरून खाल्ली किंवा विकली जात आणि उरलेली कोल्ही-कुत्री फस्त करत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून इथे गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं, आणि २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. येणाऱ्यांची सोय हॉटेलं बांधून केली नाही. गावातल्या घरांनीच ओटी-पडवी झाडून पाहुण्यांना जागा दिली.

किनाऱ्यावरचं काम जवळून पाहिलं की त्याचा चिवटपणा कळतो. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी वाळूत सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू दाबून समुद्रात परतते आणि घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. पहाटे कासवमित्र तिच्या सरपटण्याचा माग काढत किनारा चालतो. सापडलेली अंडी काही तासांच्या आत जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीच्या आणि त्याच आकाराच्या खड्ड्यात ठेवली जातात. वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लागते. पुढचे पन्नासेक दिवस ऊब देण्याचं काम वाळू करते. त्या उबेवरच नर निपजणार की मादी हे ठरतं. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. पिल्लं निघाली असतील तर ती पाण्यापासून काही अंतर राखून वाळूवर सोडतात आणि समुद्रापर्यंतची वाट त्यांची त्यांनाच चालू देतात. दोरीमागे उभ्या असलेल्या लोकांनी पिल्लांना हात लावायचा नसतो, फ्लॅश मारायचा नसतो, बॅटरी लावायची नसते. उजळ क्षितिजाच्या रोखाने चालणारं पिल्लू माणसाच्या दिव्याने वाट चुकतं. आणि टोपलीखाली काहीच नसेल, तर ‘आज नाही’ एवढंच सांगून ती परत ठेवली जाते.

पाहुणे घरात उतरतात ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, असं मी म्हणतो त्याला कारण आहे. संस्थेला देणगी दिली तर पहारेकऱ्याचा पगार निघेल, पण गावातल्या घराचा घरट्याशी संबंध जुळणार नाही. पाहुणा घरी जेवला, राहिला आणि जाताना आमसुलं, कोकमं घेऊन गेला, की त्या घराला वाळूतल्या अंड्यांची किंमत वेगळ्या हिशोबाने कळते. अंडी एकदाच विकता येतात. घरटं राखलं तर पाहुणा दरवर्षी येतो. दुसरं असं की, किती माणसं राहू शकतील हे घरातल्या अंथरुणांवरून ठरतं आणि गावाला आपोआप मर्यादा मिळते. तिसरी गोष्ट शिस्तीची. किनाऱ्यावरची पाटी न वाचणारा माणूस ज्या घरी जेवतो त्या घरच्या काकूंचं ऐकतो. पुढे या कामाला विज्ञानाचीही जोड मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावरच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असं प्रथमच घडलं, म्हणून तिचं नावही ‘प्रथमा’ ठेवलं.

हाच प्रयोग मोठा झाला तर काय होतं, हे पाहायला ब्राझीलकडे वळावं लागतं. तिथेही अंडी आणि कासवं खाल्ली जात. १९८० मध्ये तिथे ‘तामार’ हा संरक्षण प्रकल्प सुरू झाला, आणि ज्यांना घरटी शोधायची कला अवगत होती त्या मच्छीमारांनाच पगार देऊन किनाऱ्याच्या राखणीला नेमलं गेलं. वेळासला येते तीच जात ब्राझीलच्या सर्जिपे राज्यात पिरांबूसारख्या लहान गावांच्या किनाऱ्यावर अंडी घालते. बाहिया राज्यातलं प्राया दो फोर्ते हे मच्छीमारांचं गाव या प्रकल्पाचं मुख्य केंद्र झालं आणि कासवं पाहायला लोक येऊ लागले. कासवं वाचली, हे यश खरंच मोठं आहे. पण त्याच गावाभोवती आलिशान रिसॉर्टं आली आणि मुख्य रस्ता दुकानांनी भरून गेला. आज तिथे उतरणाऱ्या प्रवाशाला मच्छीमारांचं गाव शोधावं लागतं. उलट, रिओ दोसी नदीच्या मुखावरचं रेजेन्सिया हे ब्राझीलमधलंच दुसरं गाव लहानच राहिलं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये मारियाना इथलं लोहखनिजाच्या गाळाचं धरण फुटलं, तो लाल गाळ शेकडो किलोमीटर वाहत याच गावापाशी समुद्रात शिरला आणि मासेमारी व पर्यटन दोन्ही बसलं. या दोन गावांवरून दोन गोष्टी शिकाव्यात: गावाने वाढीचा वेग आपल्या हातात ठेवावा, आणि फक्त पाहुण्यांवर विसंबू नये. शेत, बाग आणि होडी चालू असलेलं गावच पाहुण्याला खऱ्या अर्थाने घरी बोलावू शकतं.

यावर काही आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत. पहिला गैरसोयीचा: खोलीत एसी नाही, न्हाणीघर परसात, जेवण जे असेल ते आणि ठरल्या वेळी. वयस्कर माणसांची अडचण खरी आहे, तिची चौकशी आधी फोनवर करावी. बाकीच्यांनी एवढाच विचार करावा की, पुण्यातल्यासारखी सोय गावात मिळवायची तर गावाचं पाणी, वीज आणि जमीन त्या सोयीसाठी वळवावी लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: महोत्सव म्हणजे जिवंत प्राण्यांचा खेळ मांडणं नव्हे का? पाहुणे जमावेत म्हणून पिल्लं रोखून धरली, तर हा आरोप पूर्णपणे लागू होईल, कारण पिल्लाची ताकद थांबवण्यात खर्च होते. म्हणूनच ‘आज नाही’ हे उत्तर जपायला हवं. दोनशे किलोमीटर येऊन रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याने खुशाल घरी बसून चित्रफीत पाहावी. तिसरा आक्षेप असा की, ज्यांची घरं मोठी त्यांनाच पैसा मिळतो. हा धोका आहेच. पाळीपाळीने पाहुणे वाटून देणं आणि दूध, भाजी, रिक्षा, वाटाड्या ही कामं इतरांकडे जाणं हा त्यावरचा उपाय, आणि तो गावकऱ्यांनीच अंमलात आणायचा असतो. पाहुण्याने एवढं करावं की घासाघीस करू नये, आणि वाण्याचं सामान पुण्याहून भरून नेऊ नये.

कासवं नसलेल्या गावाचं काय, असंही कोणी विचारेल. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार हे स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे मराठी पुस्तकं एका भव्य इमारतीत न ठेवता गावातल्या घरांमध्ये, शाळेत, देवळात ठेवली. वाचायला आलेला माणूस कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसतो. म्हणजे निमित्त कासवाचं असो की कादंबरीचं, उंबरठा ओलांडायला लावणारी व्यवस्था सारखीच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांकडे असं निमित्त असेल: एखादी जत्रा, एखादा जुना तलाव, भाताची लावणी. ते शोधण्याचं काम गावाचं. आपण एका दिवसात चार गावं ‘करण्या’ऐवजी एका गावात दोन रात्री राहावं, शनिवार-रविवार टाळता आला तर टाळावा, कचरा परत आणावा आणि हंगाम संपल्यावरही त्याच घरी एकदा जावं. पावसाळ्यात टोपलीखाली काही नसतं, तेव्हा आलेला पाहुणा फक्त त्या माणसांसाठी आलेला असतो, आणि घरालाही ते कळतं.

नारायण पेठेत परत आल्यावर शेजारी विचारतील, ‘काय पाहिलंत?’ सांगण्यासारखं थोडंच असेल: दोरीपलीकडे वाळूवर उमटलेली बोटाएवढ्या पिल्लांची नक्षी, किंवा तीही नाही. पण कोणाकडे उतरलात असं विचारलं आणि आपल्याला एका घराचं नाव, त्यांच्या आगरातली झाडं आणि पुढच्या महिन्यात पुण्यात शिकायला येणाऱ्या त्यांच्या मुलीची खोलीची अडचण सांगता आली, तर आपण त्या गावाला जाऊन आलो असं म्हणायला हरकत नाही. त्या मुलीला खोली मिळेपर्यंत आपल्याकडे उतरायला सांगावं, म्हणजे जुन्या प्रश्नाला दोन्ही गावांत उत्तर मिळेल.